न फवारलेलं रान

बीड जिल्ह्यातल्या समस्त लहानथोरांना, आजीमाजी पुढाऱ्यांना, शेतीखात्यातल्या जाग्या आणि झोपलेल्या सर्व अधिकाऱ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, तेलगावच्या अलीकडं डांबरी सोडून डाव्या हाताला वळलं की रामभाऊंचं जे कापसाचं रान लागतं, त्या रानातले कोळी सध्या कुणीही मोजत नाही.

ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही. मीच चारचौघांत सांगून पाहिली. चारचौघांनी चहा संपवला आणि ऊसतोडीचा विषय काढला. पण मला विचाराल, तर आमच्या तालुक्यात एवढी मोठी घटना बऱ्याच वर्षांत घडलेली नाही.

कोळी मोजायच्या त्या साळवे मॅडम. आमच्या कीड संशोधन केंद्रात त्या शास्त्रज्ञ होत्या आणि मी विस्तार विभागात. विस्तार म्हणजे गावोगाव जाऊन शेतकऱ्यांपुढं बोलायचं. माझं काम बोलण्याचं, त्यांचं बघण्याचं, त्यामुळं आमचं छान जमायचं. मी दिवसभर बोलून थकायचो, त्या बघून थकायच्या आणि संध्याकाळी जीपमध्ये दोघंही गप्प बसायचो. माझ्या आयुष्यात मी गप्प बसलो तो काळ तेवढाच, असं माझी बायको सांगते.

मॅडम उंच, सावळ्या, पाठीत किंचित वाकलेल्या. कापसाच्या झाडापुढं आयुष्यभर वाकून वाकून ती सवयच झाली होती. माणसाशी बोलतानासुद्धा त्या अशा वाकायच्या, की समोरच्याला वाटावं, आपल्या सदऱ्यावर काहीतरी चालतंय. डोक्याला पांढरा रुमाल, पुरुषी बूट, आणि पदर खोचलेला असा घट्ट, की जणू शिवलाच आहे. गावात त्यांना ‘कोळ्याच्या मॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा पोस्टमननं पाकिटावरचं नाव न वाचताच ‘कोळ्याच्या मॅडम, सही’ म्हटलं, आणि त्यांनी निमूट सही केली.

त्यांचं एक वाक्य होतं. त्या वाक्यानं त्यांनी किती मैत्र्या मोडल्या असतील, याचा हिशेब नाही. वाक्य असं: “आणि जिथं काहीच केलं नाही, तिथं काय झालं?”

आमच्या कचेरीतला कारकून कडा गावचा. तो एकदा सर्दीवरच्या नव्या गोळ्यांचं कौतुक करत टेबलाटेबलांवर फिरत होता. “मॅडम, चार दिवसांत नाक खणखणीत. जादू हाय जादू.”

मॅडम वाकल्या. “घरात आणखी कुणाला सर्दी होती?”

“होती की. थोरल्या भावाला.”

“त्यांनी गोळ्या घेतल्या?”

“त्यो कुटला घेतोय. त्यो हट्टी हाय.”

“मग त्यांची सर्दी कधी गेली?”

कारकुनानं जरा आठवून पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला. “माझ्या आदल्या दिवशी,” तो म्हणाला आणि नंतर आठवडाभर मॅडमच्या टेबलावरून आडवळणानं गेला.

लग्नाचंही तसंच. मॅडमनं लग्न केलं नव्हतं. नांदूरघाटचे त्यांचे एक मामा दर उन्हाळ्यात एखादं स्थळ घेऊन यायचे. मॅडमच्या चाळिशीनंतरही यायचे, हे विशेष. “पोरी, लगीन केल्यावर मानूस सुखी व्हतं,” ते एकदा म्हणाले. मॅडमनं शांतपणे विचारलं, “मामा, न केलेल्यांत बघितलंत का?” मामांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाले, “न केलेली तूच एक हाय आमच्यात. तुलाच इचारतो. सुखी हाय का?”

हे मला त्यांनीच सांगितलं आणि वर म्हणाल्या, “भाऊ, एका नमुन्यावरून काय सांगणार?”

आता हे कोळी का मोजायचे, ते सांगतो. घाबरू नका, भाषण देत नाही. कापसावर किडी असतात आणि त्या किडींना खाणाऱ्याही किडी असतात. कोळी, ढालकिडे वगैरे. यांना आम्ही मित्रकिडी म्हणतो. नवं औषध आलं की ते शत्रूला मारतं हे दाखवायला सगळे पुढं. मित्राचं काय होतं, हे बघायला मॅडम. त्या वर्षी एका कंपनीचं नवं औषध आमच्या केंद्राकडं याच तपासणीला आलं होतं. ते मित्रकिडींना निर्धोक आहे की नाही, हे मॅडमच्या अहवालावर ठरणार होतं.

कंपनीचा एक तरुण आला होता. बूट असे चकचकीत, की आमच्या मातीला लाज वाटावी. तो म्हणाला, “मॅडम, सोपं आहे. एक तुकडा फवारलेला, शेजारी एक न फवारलेला. दोन्हींतले कोळी मोजा. फरक दिसला तर दिसला.”

“आणि न फवारलेल्या दोन तुकड्यांतच फरक असला तर?”

“तसा कशाला असेल?”

मॅडम त्याला घेऊन रानात गेल्या. निंबाखालच्या तुकड्यात झाडाझाडाला जाळी. ओढ्याकडच्या तुकड्यात बेताची. माळाला लागून असलेल्या तुकड्यात शोधावी लागत होती. कशालाच औषधाचा थेंब लागलेला नव्हता. “शेजारची बाजरी काढली की तिथले कोळी इकडं येतात,” त्या सांगत होत्या. “वारा सुटला की पिल्लं सुताला लटकून दुसऱ्याच गावाला जातात. पावसानं ओढ दिली की आणखी वेगळं. रान आपलं आपणच वरखाली होत असतं. एखाद्याला ताप आहे असं म्हणायच्या आधी त्याचं अंग एरवी किती गरम असतं, ते नको का बघायला?”

तरुणानं बूट झटकले. “यात किती वेळ जाईल?”

“रानाला विचारते,” मॅडम म्हणाल्या. ती चेष्टा नव्हती, पण त्याला वाटली. त्यानं आमच्या साहेबांकडं तक्रार केली, की बाई कामात अडथळा आणतात.

तर अशा या न फवारलेल्या तुकड्यांसाठी केंद्रानं रामभाऊंचं रान घेतलं होतं. रामभाऊ कमी बोलायचे. त्यांची बायको कौसाबाई ती कसर भरून काढायची. मॅडम दुपारी निंबाखाली डबा उघडायच्या, तेव्हा ही बांधावरून येऊन बसायची. डब्यात रोज तेच: दोन पोळ्या, एक कोरडी भाजी. आई होती तोवर डबा आईच्या हातचा असायचा. आई क्वार्टरमध्ये मॅडमजवळच राहायची. ती गेली आणि डब्यातली चटणी गेली, लोणचं गेलं, दोनाच्या जागी तीन पोळ्या कोंबायची ती जबरदस्ती गेली. कौसाबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. ती ठेचा आणायची, कधी पिठलं. मॅडम नको म्हणायच्या. कौसाबाई ऐकायची नाही.

“मॅडम, तुमचं रान असं उघडं कावून ठिवता? बगा की, आळ्यांनी पार चाळणी केली. येनारंजानारं हासतंय.”

“हसू द्या मावशी. त्या रानाला काही करायचं नाही.”

“काईच न्हाई?”

“काहीच नाही.”

“खुरपायचं?”

“खुरपायचं. औषध तेवढं नाही.”

कौसाबाई माझ्याकडं बघायची, तुम्ही तरी समजवा म्हणून. तिच्या दृष्टीनं न फवारलेलं रान म्हणजे न विंचरलेलं पोर. आईबाप नसलेलं.

त्याच पावसाळ्यात सलीमभाईचं प्रकरण झालं. सलीमभाईचं तेलगावात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. हात कायम ऑइलनं काळे, पण दुकानामागं मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा भारी शौक. तिथं गेला की काळे हात आधी साबणानं धुवायचा, मशिदीत जावं तसा. शेजारच्या कापसावर कंपनीनं त्याच नव्या औषधाची फवारणी करून दाखवली आणि पुढच्या काही दिवसांत सलीमभाईच्या पेट्या रिकाम्या झाल्या. मेलेल्या माश्याही सापडल्या नाहीत. नुसत्या गेल्या.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. सलीमभाई उभा राहिला. “मॅडम, तुमी सरकारी मानूस. लई शिकलेल्या. फकत एवढंच म्हना, की औषधानं माश्या गेल्या. दुसरं मला काय बी नको.”

मॅडम त्याच्याकडं वाकल्या. “सलीमभाई, औषध नसताना पेट्या कधी रिकाम्या झाल्या होत्या का?”

“मी दोनच साल झालं ठिवतोय. गेल्या साली एक पेटी गेलती.”

“कशानं?”

“अल्ला जाने.”

“मग आज मला सांगता येणार नाही. औषधानं गेल्या असतील. फुलोरा नव्हता म्हणून गेल्या असतील. माझी कोळ्यांची मोजणी होऊ द्या. औषध मित्रकिडींना किती लागतं, ते तरी कळेल.”

मागून कुणीतरी म्हणालं, “कंपनीची बाई हाय बे ती. सोड नाद.”

सलीमभाई बसला. “ठीक हाय,” तो म्हणाला, “मी थांबतो तुमच्यासाठी.”

परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, “भाऊ, कंपनी म्हणते मी गावाची. गाव म्हणतं मी कंपनीची. गंमत आहे ना?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गंमत नव्हती.

पोळ्याच्या सुमारास आईच्या पुण्यस्मरणासाठी त्या नांदूरघाटला मामांकडं गेल्या. परत आल्यावर तडक रानात. आणि त्या दिवशी मी असं दृश्य पाहिलं, जे आमच्या कचेरीत ना आधी कुणी पाहिलं, ना नंतर. साळवे मॅडम चिखलाच्या बुटांनी, रुमाल मानेवर घसरलेला, जवळजवळ पळत आत आल्या आणि मोठ्यानं हसल्या.

“भाऊ, पडले!”

“कोण पडलं?” मी उठलोच.

“कोळी. निंबाखालचे आणि ओढ्याकडचे. जवळजवळ नाहीतच. आणि माळाचे तसेच आहेत. काही न करता पडले! मी काय सांगत होते?”

त्या नसताना पाऊस झाला होता. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे; बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं ठेवतो. मॅडम म्हणाल्या, पावसाची सर निंबावरून ओढ्याच्या अंगानं गेली असणार, कोळीही धुतले गेले आणि पानांवरची मावा कीडही. बीड जिल्ह्यात या म्हणण्यावर शंका घेणारा माणूस अजून जन्मायचाय. मीही घेतली नाही. त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशानं कचेरीभर चहा सांगितला. आयुष्यभर जे त्या सांगत आल्या, ते रानानं त्यांच्या बाजूनं येऊन सांगितलं होतं. आणि बाजूनं बोलणारं त्यांना तसं कुणी नव्हतंच.

हंगाम संपला. अहवाल गेला. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा, की औषध मारलेल्या तुकड्यांत कोळी कमी झाले खरे, पण न मारलेल्या तुकड्यांतही ते आपले आपण तेवढेच कमी होतात. तेव्हा दोष औषधाला देता येत नाही. साहेब खूश. कंपनीचा तरुण पेढे घेऊन आला, तेच बूट घालून. सलीमभाईनं अहवालाची गोष्ट ऐकली आणि त्यानंतर मॅडमची जीप दुकानावरून गेली की तो इंजिनात डोकं घालायचा.

मॅडमनं कंपनीचे पेढे खाल्ले नाहीत. पण तेलगावातून वेगळे घेतले आणि कौसाबाईला द्यायला निघाल्या. मी बरोबर होतो, पेढ्यांसाठी.

कौसाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. पेढा तोंडात घालून ती हसली, एखादी मोठी भेट लपवून ठेवलेलं माणूस हसतं तशी. म्हणाली, “मला ठावं व्हतं, औंदा मॅडमचं रान चांगलं येनार. कावून? ते न्हाई सांगनार.”

“सांगा की मावशी.”

“तुमी आईच्या कार्याला गेलता. मी म्हनलं, बाई बिचारी तिकडं दुःखात, अन् हिकडं तिच्या रानाकडं बगनारं कुनी न्हाई. आमच्या मालकाचा पंप घेतला. निंबाखालचा तुकडा मारला, वढ्याकडचा मारला. माळाला जाऊस्तवर औषध सरलं, न्हाईतर त्यो बी मारला असता.” ती वाट बघत राहिली, शाबासकीची.

मी मॅडमकडं बघू शकलो नाही. सुपातली तूर बघत राहिलो.

“पाठीवर पंप घेऊन मारलंत?” मॅडमनं विचारलं.

“तर वं. पाठ धरली चार दिवस.”

“तोंडाला फडकं बांधलं होतं का?”

“न्हाई बाई.”

“बांधत जा,” मॅडम म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पाठ आता बरी आहे ना?” आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवून उठल्या.

आम्ही जीपनं परतलो. केंद्राच्या फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं, रान माझ्याशी बोललं.”

मी म्हटलं, मॅडम, सोडून द्या, कुणाला कळणार आहे. माझं काम बोलण्याचं, मी बोलून बसलो. त्या माझ्याकडं वाकल्या आणि माझ्या सदऱ्यावर खरंच काहीतरी चालत असल्यासारखं बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल मागं घेतला. चौकशी बसली. न फवारलेले म्हणून धरलेले तुकडे फवारलेले निघाले, तेव्हा मोजणी ग्राह्य नाही, असं त्यांनी समितीपुढं सांगितलं. साहेबांनी विचारलं, “फवारलं कुणी?”

“देखरेख माझी होती.”

“ते नाही विचारलं. माणूस कोण?”

“देखरेख माझी होती,” त्या पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच. समितीनं शेवटी तेच लिहून घेतलं.

औषध रखडलं. चाचणी पुन्हा व्हायची ठरली, दुसऱ्या केंद्रावर, दुसऱ्या माणसांकडून. कंपनीच्या तरुणानं नमस्कार करणं सोडलं. सलीमभाई मात्र धावत केंद्रावर आला, हात धुऊन. “मॅडम, आता तरी म्हना. आता तर सगळं फिरलं.”

“आता तर अजिबात म्हणता येत नाही, सलीमभाई. आता मला काहीच माहीत नाही.”

“तुमी बी अजब हाय,” तो म्हणाला. “कुनाच्याच न्हाईत.” रागानं म्हणाला असता, तर बरं वाटलं असतं.

मॅडमची बदली मुख्यालयात झाली. कागदांचं काम, चौथा मजला, खिडकीखाली वाहनतळ. तिथं कोळी असतात, पण ते मोजले तर झाडूवाल्यांवर कारवाई होते.

त्या गेल्या, तो दिवस. तेलगावचा फाटा, सकाळची वेळ. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईचा स्टीलचा डबा पिशवीत. निरोपाला मी एकटा. साहेबांना बैठक होती, कारकुनाला सर्दी होती. एस.टी. आली, तेव्हा समोरच्या दुकानातून सलीमभाई बाहेर आला. एक शब्द न बोलता त्यानं ट्रंक उचलली, आत नेऊन सीटखाली सरकवली, खाली उतरला आणि परत इंजिनात डोकं घातलं. ट्रंकेच्या कडीवर त्याच्या बोटांचं ऑइल राहिलं.

मॅडम खिडकीशी बसल्या. आणि बांधाबांधानं कौसाबाई पळत येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. धापा टाकत तिनं गाठोडं खिडकीतून आत दिलं.

“मॅडम, गावात लोक म्हनत्यात, त्या रानापायी तुमाला हितनं काढलं. कुनीतरी औषध मारलं म्हनून.” तिचा आवाज बारीक झाला. “ते मीच का?”

“बदली झाली, मावशी. होत असते.”

“काय करू नका म्हनलं व्हतं तुमी.”

“म्हटलं होतं.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मॅडम खिडकीतून वाकल्या होत्या, कापसाच्या झाडापुढं वाकत तशा, आणि मांडीवरच्या गाठोड्यावर दोन्ही हात धरले होते. कौसाबाई गाडीबरोबर चार पावलं चालली, पदर तोंडाला लावला, काढला आणि मग सगळी एस.टी. मागं वळून बघेल, एवढ्या मोठ्यानं तिच्या तोंडून निघून गेलं:

“आता आपल्या मानसाचं रान कुनी तसंच सोडतं का वो, मॅडम?”